निझवा

शुक्रवारी सकाळी साडेनऊला फोन वाजला
तेव्हा माझ्या हातात अर्धं घावन होतं.
वादी कबीरच्या शीतगृहात कॉम्प्रेसर बंद पडलेला.
फोरमन म्हणाला, शिमोन, लगेच नीघ.
मी घास गालात सारला, खोकलो, म्हणालो,
सर, मी निझवात आहे, पोराला घेऊन आलोय,
संध्याकाळशिवाय परतत नाही.

समोर योथाम,
सहा वर्षांचा, दुधाच्या मिशीसकट.
त्याने खिडकीबाहेर पाहिलं.
रुवीचाच डोंगर होता, करपल्या भाकरीच्या रंगाचा.
मग माझ्याकडे पाहिलं.

खोटं बोललो ते उपासनेसाठी,
हे मी स्वतःला जिन्यात सांगितलं, गाडीतही सांगितलं.
आमची मराठी उपासना दीड तासाची,
आधी फिलिपिनो, नंतर तमिळ,
कोमट खुर्च्यांवर बसतो, कोमट ठेवून उठतो.
शब्बाथशाळासुद्धा इथे शुक्रवारीच भरते,
देवाला चालतं, दिवस सगळे त्याचेच.
वचन वाचायची पाळी त्या दिवशी माझी होती.
चांगलं वाचलं, एकही जोडाक्षर न अडखळता.
हुल्दा रात्रपाळी करून आलेली,
शेवटच्या रांगेत पेंगत होती.
मी वरून डोळे वटारले.

रात्री योथाम पलंगाखाली शिरलेला,
टीव्हीचा रिमोट कानाला.
आधी खोकला. मग
"सर, मी निझवात आहे.
संध्याकाळशिवाय परतत नाही."
आवाज माझा. खोकलाही माझाच.
खोटं बोलण्याआधी मी खोकतो
हे चाळीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझा बाप शेवगावकडच्या एका वस्तीवर धर्मशिक्षक.
मांडीवर छडी ठेवून त्याने स्तोत्रं घोटून घेतली.
बरीचशी विसरलो.
विसरलो नाही ते हे, की
झाडणारी म्हातारी तापाने पडली तेव्हा
शनिवारी रात्री मंदिराचं दार आतून लावून
तो ओणवा होऊन फरशी पुसत होता,
धोतर खोचलेलं, कंदील बाकावर.
मी फटीतून पाहिलं.
त्याला मरेपर्यंत कळलं नाही.

हुल्दा ताटं विसळत होती. तिनेही ऐकलं.
बोलली काही नाही. नळ बंद केला.

त्या शांततेत मला पीरबक्ष आठवला,
माझा बलुची मदतनीस.
जुम्म्याला अंघोळ करून, पांढरा कुर्ता घालून
अकरापासूनच घड्याळ बघतो.
माझ्याऐवजी त्यालाच गच्चीवर चढवलं असणार.
शेचाळीस अंश,
खालून अजान ऐकू येतेय
आणि तो पाना आवळतोय.
मी वाचत होतो वचन, त्याच वेळी.

पलंगापाशी खाली बसलो. गुडघे कुरकुरले.
रिमोट मागितला, तर म्हणाला,
"थांबा, सरांचा फोन चालू आहे."
मग मी खरा लावला. त्याला ऐकू जाईल असा.
सर, सकाळी मी निझवात नव्हतो.
घरी होतो. घावन खात होतो.
पलीकडे बराच वेळ नुसती एसीची घरघर.
"हे सांगायला आता फोन केलास?"
हो सर.
"अर्ध्या दिवसाचा पगार कापीन."
हो सर. आणि पुढच्या जुम्म्याला पीरबक्षऐवजी मी...
फोन कधीच ठेवला गेला होता.

वाटलं, आता पोरगं विचारेल.
उत्तर तयार होतं माझ्याकडे, अध्याय आणि ओवीसकट.
योथाम सरपटत बाहेर आला, कोपराला धूळ,
रिमोट माझ्या मांडीवर ठेवला.
"पण पप्पा, निझवा असतं कसं?"

मला माहीत नव्हतं.
अकरा वर्षं झाली इथे,
मी कधी गेलोच नव्हतो.

आत हुल्दाने नळ पुन्हा सोडला.